सहा वाजताचा रकाना

"श्वास किती आले?" घोलप मॅडमनी विचारलं.

"वीस," मी म्हटलं आणि पेनाला टोपण लावलं.

"मोजलेत?"

"मॅडम, सोळा वर्षं झाली मला नोकरीत."

"ते नाही विचारलं मी. मोजलेत का?"

पलंगावर भागाजीबाबा आडवे होते. पाथर्डीकडचे, सत्तरीचे, खोकल्याने दाखल झालेले. ते एकदा माझ्याकडे बघत, एकदा मॅडमकडे. एकोणचाळीस वर्षांची बाई सत्तावीस वर्षांच्या पोरीपुढे मान खाली घालून उभी आहे, हे कोडं काही त्यांना सुटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही ते रोज सकाळी नव्याने सोडवावं लागे. पुरुषांच्या याच वॉर्डात मी आदल्या वर्षीपर्यंत पारखे सिस्टर होते. माझा आवाज आला की मावशी विडी विझवायच्या. आता त्याच वॉर्डात मी शिकाऊ मुलींचा पांढरा कोट घालून, छातीवर 'विद्यार्थिनी' अशी पाटी लावून फिरत होते.

हे दुखणं मी आपणहून ओढवून घेतलं होतं. माझा नर्सिंगचा डिप्लोमा. पुढे नियम आला की शिकवायच्या जागेवर जायचं तर पदवी हवी. माझ्या हाताखाली इंजेक्शन द्यायला शिकलेली कल्पना पदवी घेऊन ट्यूटर झाली आणि एक दिवस मलाच म्हणाली, "सिस्टर, तुम्ही पण करून टाका ना." ते 'करून टाका' मला इतकं झोंबलं की आठवड्यात अर्ज भरला. दोन वर्षांची अभ्यासरजा मिळाली आणि आमच्याच जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या कॉलेजात, घोलप मॅडमच्या वर्गात, मी बीएस्सीला बसले. घरी मुलगी दहावीला आणि आई कॉलेजला. जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं होई.

"नाही मोजले," मी म्हटलं. "बघितल्यावर कळतं."

"चला, मोजू या. पूर्ण एक मिनिट."

श्वास मोजायची एक रीत आहे. रोग्याला सांगायचं नाही. सांगितलं की तो श्वास सांभाळून घेतो. म्हणून नाडी बघायला मनगट धरायचं, नाडी झाली तरी ते सोडायचं नाही आणि नजर मात्र छातीवर ठेवायची. मी बाबांचं मनगट धरलं. मॅडमनी घड्याळ धरलं. बाबांची बंडी खांद्यावर उसवलेली होती, गळ्यात काळा दोरा, छातीच्या खळग्यात एक मोठा तीळ. श्वास आत जाताना तो तीळ खळग्यात बुडे आणि पुन्हा वर येई.

मिनिट भरलं.

"माझे वीस," मॅडम म्हणाल्या. "तुमचे?"

"वीसच!" मी इतक्या मोठ्याने म्हणाले की पलीकडच्या पलंगावरचा माणूस उठून बसला.

"पास झालो का वो मी?" भागाजीबाबांनी विचारलं.

"बाबा, तुम्ही पास," मॅडम हसून म्हणाल्या. "सिस्टरांचं बाकी आहे."

मला गप्प बसवेना. दुसऱ्या वर्षाला सगळ्यांना एक लहानसा प्रबंध करावा लागे. मी तिथेच जाहीर केलं की माझा विषय ठरला : श्वासाच्या नोंदी. जुने केसपेपर काढायचे. डॉक्टरांनी काय लिहिलं आणि सिस्टरने काय लिहिलं ते ताडून बघायचं. अनुभवी बाईचा डोळा काय असतो ते मी कागदावर दाखवणार होते.

"विषय चांगला आहे," मॅडम म्हणाल्या. "एकच अट. एका वर्षाचे हजार कागद घ्या आणि त्यातला दर दहावा उचला. वाईट दिसला म्हणून सोडायचा नाही, पुढचा बरा दिसला म्हणून घ्यायचा नाही."

"मी कशाला सोडीन?" मी म्हटलं.

रेकॉर्ड रूम खरात नावाचे गृहस्थ सांभाळत. तोंडाला रुमाल बांधून ते मला गठ्ठे काढून देत. "हे सगळं ह्या मार्चात रद्दीत जाणार बघा सिस्टर," ते म्हणाले. "जाता जाता कुणाच्या तरी कामी आलं." मी बायकांच्या मेडिकल वॉर्डाचे नऊ वर्षांपूर्वीचे कागद मागितले. त्या वर्षी मी त्याच वॉर्डात होते, तेव्हा अक्षरं ओळखीची निघतील असा हिशेब.

पहिले दोन दिवस मी नुसती हसत होते. दम्याची बाई, श्वास वीस. न्यूमोनिया, वीस. विष प्यालेली, तिचेही निरोगी माणसासारखे वीस. एका ठिकाणी बावीस दिसले तर मला त्या सिस्टरचं कौतुक वाटलं. तिसऱ्या दिवशी हसू कमी झालं, कारण अनुभवी डोळा म्हणून जे मी दाखवणार होते ते कुठेच दिसत नव्हतं. कागद एकामागून एक तेच सांगत होते. कुणी मोजलं नव्हतं.

यामागे एक रीत होती आणि ती आम्ही सगळ्या पाळत होतो. दुपारी दोनला ड्युटीवर आलं की साठ पेशंट आणि दोन सिस्टर. दोनचा ताप-नाडी-श्वास लिहायचा, सहाचाही लिहायचा. इंजेक्शनं, सलाईन, नव्या पेशंटची भरती सुरू झाल्यावर सहाला कोण फिरणार? म्हणून दोनला बसूनच दोन्ही रकाने भरून टाकायचे. याला आम्ही 'चार्ट भरून ठेवणे' म्हणायचो. आमच्या इन्चार्ज आढाव सिस्टरांनी मला पहिल्याच आठवड्यात ते शिकवलं होतं आणि मी पुढे कल्पनाला शिकवलं. यात कुणाला काही पाप वाटत नसे. वाचलेला वेळ आम्ही पेशंटसाठीच तर वापरत होतो.

मग चारशे सत्तर नंबरचा कागद आला.

यमुनाबाई एकनाथ दहातोंडे, वय अठ्ठावन्न. ताप, खोकला. सहावा दिवस. सकाळी डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'श्वास जड. लक्ष ठेवावे.' दुपारी दोनच्या रकान्यात श्वास वीस. अडीचला डॉक्टर पुन्हा आले होते. त्यांनी लिहिलं होतं, 'चार्ट पाहिला. स्थिर. तेच औषध चालू.' त्याखाली चार चाळीसची नोंद होती, 'मृत्यू.' आणि चार्टवर सहा वाजताच्या रकान्यात ताप अठ्ठ्याण्णव, नाडी चौऱ्याऐंशी, श्वास वीस.

तळाला दुपारच्या ड्युटीची सही होती. 'स'ला शेपूट काढायची माझी शाळेपासूनची खोड. सु. पारखे.

मी कागद पालथा घातला. पुन्हा सुलटा केला. खरात म्हणाले, "पाणी देऊ का?" मी म्हटलं, "धूळ गेली घशात."

पहिल्यांदा मी तिला आठवायचा प्रयत्न केला. कुठल्या पलंगावर होती? काळी, गोरी? सोबत कोण होतं? सहा दिवस होती म्हणजे माझ्या हातून निदान दहा-बारा इंजेक्शनं घेतली असणार. काहीच आठवेना. तारीख मात्र लख्ख आठवली. त्या दिवशी माझ्या निकिताला गालगुंड झालं होतं, तिच्या गालांना हळदीचा लेप लावून मी ड्युटीवर आले होते. सहा वर्षांच्या पोरीचे सुजलेले गाल डोळ्यांपुढे उभे राहिले. त्याच दिवशी माझ्या समोर मेलेल्या बाईचं नाकसुद्धा आठवेना.

मग माझ्या हाताने पुढचं पान उलटलं. चारशे एकाहत्तर. झुबेदा पठाण, दम लागतो म्हणून आलेली, तीन दिवस. तोच वॉर्ड, पुढचाच आठवडा. श्वास चौतीस, छत्तीस, बत्तीस. 'डॉक्टरांना कळवले.' सही पुन्हा माझीच. आणि झुबेदा लगेच समोर आली. हिरव्या बांगड्या, समोरचा एक दात अर्धा, चहात बिस्किट बुडवून ते तुटलं की लहान पोरासारखी वैतागायची. तीन दिवसांत बरी होऊन घरी गेली होती.

माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. एकाच महिन्यात, एकाच वॉर्डात, एकाच हाताने एक बाई मोजली होती आणि एक मोजली नव्हती. हिचं का मोजलं, तिचं का नाही? यमुनाबाईच्या मृत्यूने घाबरून मी आठवडाभर मोजत होते का? तसं असेल तर ते विसरले कशी? आणि दोनला मी चौतीस लिहिलं असतं तर डॉक्टर थांबले असते का? की ती तशीही गेलीच असती? विचारायचं तरी कुणाला?

त्या संध्याकाळी मी वहीत सत्तेचाळिसाव्या ओळीवर चारशे सत्तरऐवजी चारशे एकाहत्तर लिहिलं. 'मी कशाला सोडीन?' म्हणणारी मी, पहिला कागद सोडला तो माझाच.

रविवारी चर्चहून निघून आढाव सिस्टरांकडे गेले. त्यांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. मागच्या अंगणात त्या मेथी निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं.

"दहातोंडे?" त्या म्हणाल्या. "मला कशी आठवंल गं? माझ्या हाताखालून किती गेल्या."

"मृत्यूच्या नोंदीखाली तुमचीच सही आहे सिस्टर."

"असंल. इन्चार्ज होते मी." त्यांनी मेथीची एक काडी बाजूला टाकली. "तुझी चार्टवर काट मारायची राहिली, एवढंच झालं. रकाना भरून ठेवलाय आणि पेशंट गेला तर काट मारायची, हे शिकवलं नव्हतं का मी तुला?"

"शिकवलं होतं."

"मग?"

"मग काही नाही. दोनचा आकडा पण खोटाच होता. तो वाचून डॉक्टर गेले."

आढाव सिस्टर मेथी निवडत राहिल्या. माझ्या लग्नात माझ्या आईच्या जागी उभी राहिलेली ही बाई. मला वाटलं चिडतील, हाकलतील. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

"सुवार्ता, साठ बाया होत्या," त्या शेवटी म्हणाल्या. "आपण दोघी. तू त्या दिवशी बसून होतीस का? नव्हतीस. कुणाला तरी रक्त चढवत असशील, कुणाचं ओकलेलं पुसत असशील. ते कुठल्या रकान्यात लिहिलंय? नाही ना? झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरी शिकवायच्यात ना तुला? मग तो कागद राहू दे तिथं."

निघताना त्यांनी मला निवडलेली मेथी बांधून दिली. त्यांचं म्हणणं मला पटलं होतं. पटूनही त्या रात्री घरी मेथी कुणी केली, कुणी खाल्ली, मला कळलं नाही.

प्रबंध टाइप होऊन आला. घोलप मॅडमनी वाचला, दोन ठिकाणी सुधारणा सांगितल्या आणि बांधायला द्या म्हणाल्या. त्याच सकाळी खरात कॉलेजच्या दारात आले.

"सिस्टर, रद्दीची गाडी आली. काही बघायचं राहिलं असंल तर आत्ताच बघा."

मी काही राहिलं नाही म्हणणार होते. पाय मात्र त्यांच्या मागे निघाले. खोलीत दोन माणसं गठ्ठ्यांना सुतळी बांधत होती. माझं वर्ष अजून सुटं होतं. मी चारशे सत्तर काढला आणि पहिल्यांदाच शेवटच्या पानापर्यंत गेले. तिथे प्रेत ताब्यात मिळाल्याची पावती होती. 'सून सुमन हिचा डाव्या हाताचा अंगठा.' शाईचा ठसा जरा घसरलेला, कारण अंगठा ओला असावा.

मी तिथेच एका गठ्ठ्यावर बसले आणि रडले. खरातांनी माणसांना चहाला पाठवलं.

हा कागद गेला की यमुनाबाई कुठेही उरणार नव्हती. निदान माझ्या आठवणीत तरी राहायला हवी होती, तिथेही ती नव्हती. मी परत गेले आणि मॅडमना म्हटलं, "एक ओळ चुकली आहे. सत्तेचाळिसावी." तक्ता पुन्हा टाइप झाला. खाली एक नवी ओळ आली : मृत्यूनंतरच्या वेळेची नोंद — एक.

तोंडी परीक्षेला बाहेरून दोघं आले होते. एक तरुण सर आणि निमसे मॅडम म्हणून निवृत्तीला आलेल्या बाई. सरांचं बोट त्या ओळीवर थांबलं.

"मृत्यूनंतर श्वास वीस? म्हणजे तब्येत उत्तम होती!"

खोलीत हशा झाला. आमच्या प्राचार्याही हसल्या. सांगायला लाज वाटते, पण सवयीने माझ्याही तोंडावर हसू आलं होतं.

"कोण हो या थोर सिस्टर?" सरांनी विचारलं.

"मी."

सरांनी मान वर केली. घोलप मॅडमचा चेहरा पांढरा पडला. संशोधनात नाव सांगायचं नसतं, हे त्यांनी मला दहादा बजावलं होतं. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

निमसे मॅडमनीच विचारलं, "पेशंट आठवते?"

"नाही. खूप आठवून पाहिलं. पुढच्या कागदावरची आठवते, तिची बिस्किटंसुद्धा आठवतात. ही नाही आठवत."

"का?"

"माहीत नाही मॅडम."

"बसा," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी पुढच्या विद्यार्थिनीला बोलावलं.

आता मेमो येणार, चौकशी लागणार, नोकरी जाणार, असं धरून मी महिनाभर जगले. आमच्या ह्यांना सांगून ठेवलं होतं की त्यांच्या दुकानाच्या कामात मी मदत करीन. आला तो निकाल. प्रबंधात मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते. निमसे मॅडमनी शेरा दिला होता, 'प्रामाणिक काम.' मी तो कागद हातात घेऊन उभी होते आणि मला कळत नव्हतं की पेढे वाटायचे की तोंड लपवायचं. मैत्रिणींनी पेढे मागितले, मी दिले. एक पेढा आढाव सिस्टरांना नेला. त्यांनी तो खाल्ला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या कागदाचं नाव पुन्हा कधी काढलं नाही.

ट्यूटरची ऑर्डर यायला चार महिने होते, तोवर मला यमुनाबाईच्या त्या जुन्या वॉर्डात पाठवलं. बायकांचा मेडिकल वॉर्ड, दुपारी दोन ते आठ. पहिल्या दिवशी सहा वाजता मी घड्याळ घेऊन एक नंबरच्या पलंगापासून निघाले. मनगट धरायचं, पूर्ण मिनिट. सातव्या पलंगावर जामखेडची एक म्हातारी होती. नाडी झाली तरी मी हात सोडला नाही. नजर तिच्या छातीवर होती. तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने दुसरा हात माझ्या हातावर ठेवला.

"बस की बाई जरा," ती म्हणाली. "समद्या पळत्याच जात्यात. तूच येक हात धरून ऱ्हायलीस."

तिच्या हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके होते. डाव्या कानाची पाळी तुटलेली होती. आज बारा वर्षं झाली, मला ते ठिपके दिसतात. भागाजीबाबांचा तीळ दिसतो, झुबेदाचा अर्धा दात दिसतो. निमसे मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे, सातव्या पलंगाशी मिळालं. एक मिनिट हात धरून माणसाकडे बघितलं की ते माणूस विसरता येत नाही. यमुनाबाई माझ्या वॉर्डात सहा दिवस होती आणि मी एकदाही तिचा हात एक मिनिटभर धरला नव्हता.

त्या दिवशी आठ वाजेपर्यंत माझे एकतीस पेशंट झाले. बाकीच्या एकोणतीस चार्टांवर सहाचा रकाना मी कोराच ठेवला. दुसऱ्या दिवशी मेट्रन ऑफिसातून मला मेमो आला. सबंध नोकरीतला तेवढा एकच.

'सहा वाजताचे रकाने रिकामे का ठेवले, याचा लेखी खुलासा करावा.'

मी खुलासा दिला : 'माणसं मोजून झाली नव्हती.'